ताटातलं क्षितिज

१

ग्रुया खिंडीच्या पायथ्याशी त्या सकाळी कॉफीला उकळी फुटण्याआधी बातमी फुटली. बॅरोमीटर मेला.

चोरीला गेला नव्हता. लांब कातडी म्यानात, तिपाईवर, रोज रात्री जिथे टांगलेला असे तिथेच तो टांगलेला होता. पण सेलेदोनने टोपण काढलं, तर आत काचेची नळी मधोमध तडकलेली, तळाची वाटी मोकळी, आणि पारा नाही. अगदी औषधालाही नाही.

डॉक्टर लिंडनर तेव्हा तंबूपुढे बसून आदल्या दिवशीची रानफुलं टिपकागदात निजवत होते. जर्मनीतून तरुणपणी या देशात आलेला हा माणूस आता दाढीने पुरता पांढरा झाला होता. तुकडीतल्या माणसांची दुखणी आणि वाटेवरचा झाडपाला, दोन्ही त्यांच्याच गळ्यात होती, आणि दोन्हींवर त्यांची सारखीच माया होती. कॅप्टन प्रुइट बोलावतोय असं कळताच त्यांनी शेवटच्या फुलावर दगड ठेवला आणि ते उठले.

सरकारने त्या वर्षी पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत आगगाडी न्यायला वाट शोधायची म्हणून माणसं धाडली होती. एक तुकडी उत्तरेने, एक दक्षिणेने, आणि मधून डोंगरांच्या बरगड्या मोजत ही, कॅप्टन प्रुइटची. खिंड किती उंच, चढ किती उभा, इंजिन चढेल की धापा टाकत मागे घसरेल, हे सगळं तो पारा सांगणार होता. माणूस डोंगर चढतो तसा पारा नळीत उतरतो. त्या उतरण्यावरून उंची कळते. निघताना नळ्यांची पेटी भरलेली होती. खडकाळ वाटांनी एकेक नळी खाल्ली. आता एक सुटी नळी शिल्लक होती, पण राखीव पारा केव्हाच संपला होता. म्हणजे भांडं घासून ठेवलंय आणि दूधच नाही, अशी गत.

वर शिखरांवर ढगांनी घोंगडी पांघरली होती. बर्फ आज पडेल की परवा, एवढाच प्रश्न.

"मी पाडला," सेलेदोन म्हणाला. "सकाळी काढताना हातातून निसटला. इथेच. पारा सांडला."

सेलेदोन आर्चुलेटा खालच्या खोऱ्यातला खेचरवाला. बॅरोमीटर पाठीवर वाहायचं काम त्याचं. नळी उलटी धरायची, म्हणजे पारा काचेवर आपटत नाही, हे त्याला एकदाच सांगावं लागलं होतं. तेव्हापासून तो ते म्यान तान्ह्या पोरासारखं वाहत आला होता.

मग सगळी छावणी चमचे घेऊन गुडघ्यांवर आली. पारा सांडला तर पळतो, फुटतो, गवतात लपतो, पण मरत नाही, कुठेतरी चमकतोच. कॅप्टनने स्वतः गवताची पाती बाजूला करून पाहिली. एक गोळी सापडली नाही, मोहरीएवढीसुद्धा नाही.

कॅप्टन उठला, गुडघे झटकले आणि सेलेदोनची पोतडी रिकामी करायला लावली. वाळक्या मिरच्या, मक्याच्या भाकऱ्या, आईने दिलेला लाकडी क्रूस. बाकी काही नाही.

"पारा सांडलेला नाही," कॅप्टन थंडपणे म्हणाला. "म्हणजे तो कुठेतरी ठेवला आहे. खाणवाल्यांना विकायला. उद्या सकाळी टपालाचा स्वार किल्ल्यावर परत जातोय, त्याच्याबरोबर तू जा. का काढलं ते मी लिहून देतो."

सेलेदोन रिकामी पोतडी परत भरू लागला. त्या मुलखात खेचरवाल्याचं नाव हीच त्याची शिदोरी. त्याचा आजा, बाप, दोघं त्याच नावावर माल वाहत आले. असा कागद किल्ल्यावर पोचला की त्याच्या खेचरावर कुणी मिठाची गोणसुद्धा लादणार नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत थांबा, कॅप्टन," डॉक्टर म्हणाले. "मला जरा विचारपूस करू द्या."

"विचारा. पण मला पारा हवाय, गोष्ट नको."

२

सेलेदोन पेत्राच्या पाठीवर खरारा करत होता. पेत्रा म्हणजे छावणीतली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत मानी खेचरी. एरवी तिची मालिश करताना सेलेदोन तिला चारचार ओळींची गाणी रचून ऐकवायचा, तिच्या कानांवर, तिच्या रुसव्यावर, तिच्या न झालेल्या लग्नावर. आज त्याचं तोंड शिवलेलं होतं.

डॉक्टर बाजूच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही."

"सवय नाही, डॉक्टरसाहेब. होईल हळूहळू."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाढीत ठेवलं. त्यांनी त्याला समजावलं की नळी इथे फुटली असती तर म्यानाच्या शिवणीत तरी कण अडकले असते, आणि ते म्यान तर आतून चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं कोरडं आहे. तू चोर नाहीस हे मी जाणतो. तू कुणाला तरी पाठीशी घालतोयस. कुणाला?

सेलेदोन खरारा घासत राहिला. मग म्हणाला, "पुरातून ज्याला कुणी वर ओढलं, त्याने काठावर बसून काय वाहून गेलं ते मोजत बसू नये. आमच्याकडे तसं करत नाहीत."

एवढंच. पेत्राने मान वळवून त्याची बाही दातांत धरली आणि रागाने हिसडली.

"हिला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उपाशी आहे," सेलेदोन म्हणाला, आणि आपण जास्त बोललो अशा चेहऱ्याने पलीकडे वळला.

डॉक्टरांनी पाहिलं, पेत्राच्या पुढ्यात गवत तर ढीगभर पडलेलं होतं.

३

पाऱ्याची गरज कुणाला असते? डॉक्टर चालता चालता मनात बोटं मोजत होते.

पहिलं बोट त्यांनी स्वतःकडेच वळवलं. त्यांच्या पेटीत पोट साफ करायच्या, पाऱ्याच्या निळ्या गोळ्या होत्या. पण त्या पिळून बॅरोमीटर भरायचा तर तुकडीतल्या सगळ्यांच्या पोटांना जन्मभर पुरतील एवढ्या गोळ्या लागल्या असत्या.

दुसरा तेओफील ब्रुसार्द, लुइझियानाचा चित्रकार. तो चकचकीत चांदीच्या पत्र्यावर उन्हाने चित्रं उमटवायचा, आणि ते चित्र पत्र्यावर वर यायला पाऱ्याची वाफ लागायची. त्याने मागच्याच मुक्कामी, हात छातीवर ठेवून, माझा पारा संपला असं जाहीर केलं होतं. मग काल संध्याकाळी त्याने पेत्राचं चित्र काढलं ते कशावर?

डॉक्टर त्याच्या काळ्या तंबूत शिरले तेव्हा तेओफील त्या चित्रावरची काच बाहीने पुसत होता. पेत्रा अगदी राणीसारखी उतरली होती.

"सुंदर," डॉक्टर म्हणाले. "आणि संपलेल्या पाऱ्यावर काढलेलं, म्हणजे तर चमत्कारच."

तेओफीलचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने उशीखालून एक छोटी कुपी काढली. तळाशी चमचाभर पारा हलला. आपल्याकडे आहे म्हटलं तर कॅप्टन तोही मागेल, या धाकाने लपवून ठेवला होता, एवढीच त्याची चोरी. त्या चमचाभराने बॅरोमीटरचं टोकही भरलं नसतं.

"माझी खोटी शपथ पोटात घाला, डॉक्टर. पण त्या पोराने चोरी केली नाही, हे मी लिहून देतो. तो इथलं काही चोरेल तर फक्त स्वेनकाकांचा शीण."

ओबेड स्वेन हे तुकडीचे ज्योतिषी, म्हणजे ताऱ्यांवरून जागा मोजणारे. नॅन्टकेटच्या बेटावरचे, जन्म गेला तो देवमाशांमागे धावणाऱ्या जहाजांना वाट दाखवण्यात. म्हातारपणी सरकारने त्यांना जमिनीवर आणलं आणि जमिनीवर त्यांचं सगळंच अडलं. तारा क्षितिजापासून किती वर आहे हे मोजायचं, आणि डोंगरात क्षितिज दिसतं कुठे? मग थाळीत पारा ओतायचा. तो आपोआप सपाट होतो, त्यात तारा उमटतो. वरचा तारा आणि थाळीतला तारा सेक्स्टंटमधून, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रातून, एकमेकांवर आणायचे. "समुद्रावर क्षितिज फुकट मिळतं," स्वेनबाबा म्हणायचे, "इथे ते ताटात वाढून घ्यावं लागतं."

पण मागच्या नदीत खेचर उलटलं आणि त्यांची पाऱ्याची पेटी वाहून गेली. तेव्हापासून बाबा थाळीत काकवी ओतायचे. स्वैपाक्याकडची काळी, दाट काकवी. तीही सपाट होते, तिच्यातही आभाळ उतरतं, जरा काळवंडून. सारी छावणी यावर हसली होती, बाबा सगळ्यांत जास्त.

"काल ते बसले होते का मोजायला?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"बसले होते ना, दिवेलागणीनंतर. थाळीवर वाऱ्यासाठी काचेचं छप्पर, डोळ्याला सेक्स्टंट. मी जाताना म्हटलं, काका, आज ताटात काय वाढलंय? एरवी दोन टोमणे मारतात. काल माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही." तेओफीलने कुपी उशीखाली परत सारली. "त्यांचे डोळे ओले होते, डॉक्टर. मला वाटलं, थंडीने."

४

एनोस टटल, मिसुरीचा स्वैपाकी, ओढ्याच्या काठी उकिडवा बसून तवा हलवत होता. तव्यात ना पीठ होतं ना मांस. ओढ्याची वाळू होती. एनोस दोन उन्हाळे कॅलिफोर्नियात सोनं शोधून हात हलवत परतला होता आणि अजून प्रत्येक मुक्कामी ओढा धुऊन बघायचा.

"या डॉक्टर. माझीच पाळी राहिली होती," तो मान न वळवता म्हणाला. "पाऱ्याचं आणि माझं नातं कुणाला माहीत नाही? घ्या झडती. पिठाच्या पोत्यात हात घाला, फक्त धुऊन घाला."

डॉक्टरांनी झडती घेतली नाही. शेजारी बसले. पारा सोन्याला लागतो तरी कसा, एवढंच विचारलं. एनोसचा चेहरा उजळला. हे त्याला विचारणारं कुणी भेटत नसे.

"वाळूत सोन्याची भुकटी असते, डोळ्याला दिसत नाही. पारा टाकायचा. दगडाला तो शिवत नाही, लोखंडाला शिवत नाही. पण सोनं दिसलं की अशी मिठी मारतो की विचारू नका. सोन्याला पांढरं करून टाकतो, सोडतच नाही. मग तापवावं तेव्हा दोघं वेगळे. माझ्या पहिल्या बायकोपेक्षा पारा बरा, एवढं सांगतो."

मग तो आपल्याच दुखण्यावर आला. आज सगळेच बिनसलेत, म्हणाला. ती खेचरी मघाशी माझी टोपी खायला उठली. रोज सकाळी स्वेनबाबांची थाळी चाटायला मिळते, काकवीचा एक थेंब ठेवत नाही. आज थाळी आलीच नाही तिच्यापुढे. येणार कुठून?

डॉक्टरांचा हात दाढीत थांबला. "येणार कुठून म्हणजे?"

"म्हणजे बाबा काल काकवी न्यायला आलेच नाहीत. रोज वाटी घेऊन येतात, मी रोज कुरकुर करतो, ते रोज म्हणतात, आभाळाला जेवू घालतोय एनोस, पुण्य लागेल तुला. काल आले नाहीत. मी मडकं झाकून ठेवलं ते तसंच आहे."

डॉक्टर उठले. ओढा वाहत होता, तवा खुळखुळत होता. पेत्राचा रुसवा त्यांना आता कळला. काल थाळी मांडली होती, आणि काकवी तर मडक्यातच होती.

मग थाळीत काय होतं?

५

स्वेनबाबांच्या तंबूचा पडदा दिवसभर लावलेला होता. सकाळी सगळे गवत चाळत असताना ते बाहेर आले नव्हते. अंग दुखतंय, असा निरोप होता. डॉक्टरांना खरं तर तेव्हाच यायला हवं होतं.

आत बाबा खाटेवर ताठ बसले होते. जहाजावरून आणलेली त्यांची पेटी दोरीने बांधून तयार होती. डाव्या हातात लोकरी मोजा होता, उजवा हात उघडा.

"नाडी बघू," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी उजवा हात पुढे केला.

"डावा."

मग म्हाताऱ्याने स्वतःच दातांनी मोजा ओढून काढला. त्यांच्या बोटात लग्नाची सोन्याची अंगठी होती. बायको बेटावरच्या मातीत निजली त्यालाही वर्षं लोटली, पण अंगठी बोटातून निघाली नव्हती. रोज संध्याकाळच्या शेकोटीत ती पिवळी चमकायची. आता ती पांढरी होती, चांदीसारखी, मेलेल्या माशासारखी.

डॉक्टरांनी ते बोट आपल्या मुठीत झाकलं, जणू त्याला थंडी वाजत होती.

"काकवीत दिसेना म्हणून?" त्यांनी हळूच विचारलं.

"काकवीत दिसेना, की मला दिसेना, हे कळेना." बाबांचा आवाज शांत होता. "मागच्या काही मुक्कामांना माझी जागा आणि गाडीच्या चाकाच्या फेऱ्यांनी मोजलेलं अंतर जुळत नाही. कॅप्टन बोलला नाही, पण भुवई बोलली. मी काकवीला दोष दिला. घट्ट आहे, काळी आहे. मग वाटलं, एकदाच पाऱ्यात बघू. एका संध्याकाळपुरता काढून घ्यायचा, पहाटे परत भरायचा. कुणाला कळणारही नाही."

"आणि?"

"पारा आरशासारखा स्वच्छ होता, डॉक्टर. त्यात मोठा तारा दिसला. लहान एकही नाही. ज्यांना मी नावानिशी ओळखतो त्यांतला एकही आला नाही." त्यांनी मोजा मांडीवर घडी करून ठेवला. "काकवी निर्दोष होती बिचारी. मग नळी परत लावायला गेलो, आणि नळी बसते ती खाच मला दिसायला हवी होती, ती दिसली नाही. काच हातातच बोलली."

पारा त्यांनी एका दगडी बाटलीत भरून, बाटली लोकरी पायमोज्यात गुंडाळून उशाशी ठेवली होती. सगळा, थेंब न सांडता. थाळीतून बाटलीत ओतताना अंगठीला लागला तेवढाच काय तो गेला.

"सेलेदोन उद्या सकाळी जाणार आहे," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलं. तो सकाळी आधी इथे आला होता. फुटकी नळी बघितली आणि, ती उघडणारा हात माझाच हे ओळखून, सरळ माझ्याकडे आला. नेहमीसारखी मानाने हाक मारून म्हणाला, डॉन ओबेड, तुम्ही आजारी आहात, बाहेर येऊ नका. मी त्याला नको म्हणेपर्यंत गेलासुद्धा." बाबांनी बांधलेल्या पेटीकडे पाहिलं. "दिवसभर उठतोय. कॅप्टनचा तंबू इथून धोंडा मारला तर लागेल इतका जवळ. सगळे समुद्र पालथे घातले मी, पण त्या तंबूची वाट सापडेना."

डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी आपला कोपर पुढे केला. "चला. वाट मला माहीत आहे."

६

कॅप्टन प्रुइट खाली मान घालून किल्ल्यासाठी कागद लिहीत होता. बाबांनी दगडी बाटली त्या कागदावरच ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, मागच्या मुक्कामांच्या माझ्या जागा नकाशावरून खोडा. चुकीचा तारा दाखवण्यापेक्षा कोरा कागद बरा. आणि त्या पोराच्या जागी मला पाठवा.

कॅप्टनने सेलेदोनला बोलावून घेतलं. तो आत आला, बाबांना पाहिलं, बाटली पाहिली आणि त्याचा चेहरा पडला, जणू पकडला गेला होता तोच.

"का?" कॅप्टनने विचारलं. "तुझं नाव मातीत जात होतं."

सेलेदोनने बाबांकडे पाहिलं. बाबा मान हलवून नको म्हणत होते. पण सेलेदोनला आता राहवेना.

"साहेब, त्या नदीत पाऱ्याची पेटी निसटली, असं डॉन ओबेड सांगतात. निसटली नाही. खेचर उलटलं तेव्हा त्यांच्या एका हातात लगाम होता, दुसऱ्या हातात ती पेटी. मी त्यांच्यासमोरून वाहत चाललो होतो. त्यांनी पेटी सोडली आणि माझी कॉलर धरली." त्याने बाटलीकडे बोट केलं. "पारा हातात असता तर काकवी कशाला लागली असती? काकवी लागली नसती तर हे सगळं कशाला? मुळात नळी मीच फोडली, साहेब. सकाळी खोटं बोललो ते फक्त जागेबद्दल."

कॅप्टनने लेखणी खाली ठेवली. बाहेर पेत्रा कुणाला तरी शिव्या घालत होती.

"स्वेन," शेवटी कॅप्टन म्हणाला, "ती सुटी नळी भरता येईल?"

नळी भरणं हे तुकडीत एकट्या बाबांनाच येत होतं. पारा थोडा थोडा ओतायचा, निखाऱ्यावर नळी फिरवत तो उकळायचा, आतली हवा बुडबुड्याबुडबुड्याने बाहेर काढायची. एक बुडबुडा राहिला तरी डोंगर खोटा उंच होतो.

"हात शाबूत आहेत," बाबा म्हणाले. "डोळे उसने घ्यावे लागतील."

कॅप्टनने सेलेदोनकडे मान हलवली.

दुपार कलेपर्यंत दोघं शेकोटीजवळ बसले होते. बाबा नळी निखाऱ्यावर अशी फिरवत होते, जशी आई झोपलेल्या लेकराची कूस बदलते. शेजारी सेलेदोन पापणी न लववता काचेत पाहत होता. "एक आहे, डॉन ओबेड, डावीकडे. वर जातोय. गेला." पुन्हा बाबांचा हात फिरे. "आणखी एक. बारीक. थांबा. गेला."

निखारे मंदावले तेव्हा कॅप्टन स्वतः आला. त्याच्या हातात किल्ल्यासाठी लिहिलेला तो कागद होता. त्याने तो चार घड्या करून नळीखाली सारला. कागद पेटला, त्याच्या उजेडात पारा लाल झाला.

"मी गवतात चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, आर्चुलेटा," तो म्हणाला, आणि बाकीचं टोपीला हात लावून बोलला.

त्या रात्री शेकोटीवर एनोसने बाबांची अंगठी चिमट्यात धरून तापवली. कॅलिफोर्नियातून त्याने हीच एक विद्या घरी आणली होती. पारा वाफ होऊन निघून गेला. खालून सोनं पुन्हा पिवळं आलं, जरा खरबरीत झालेलं. एनोस म्हणाला, माझ्या उभ्या जन्मात माझ्या हाताखाली निघालेलं हे पहिलं सोनं, आणि तेही परत द्यावं लागतंय.

७

खिंडीवर ते पोचले तेव्हा बर्फ अजून ढगांतच थबकलं होतं. दूरवरून क्रौंच पक्ष्यांची रांग दक्षिणेला चालली होती. ग्रुया म्हणजे क्रौंच, त्यांच्याच नावाची ती खिंड. सेलेदोनने म्यान उतरवलं, सुलटं केलं, टांगलं. पारा नळीत उतरला, उतरला, आणखी उतरला, आणि स्थिर झाला.

कॅप्टनने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, मनात गणित केलं. मग तो चक्क हसला. वाटेत इतके महिने गेले होते, पण त्याचं हसू कुणी पाहिलं नव्हतं.

"आगगाडी इथून जायची नाही," तो म्हणाला. "इंजिनाला त्या पक्ष्यांचे पंख लावले तरी नाही."

तेओफील म्हणाला, म्हणजे सगळी मेहनत फुकट गेली की.

"फुकट कशी?" कॅप्टन म्हणाला. "आतापर्यंत इथे 'कदाचित' होतं. आता 'नाही' आहे, मोजलेलं. 'कदाचित'च्या मागे लोक पोराबाळांसकट येतात आणि बर्फातच कायमचे राहतात."

स्वेनबाबा दगडावर बसून तोंडावर ऊन घेत होते. "माझंही तसंच झालं," ते डॉक्टरांना म्हणाले. "मोजून घेतलं. आता बरं वाटतंय."

टपालाचा स्वार एकटाच खाली गेला होता. बाबांच्या पेटीची दोरी सुटली होती आणि सेलेदोनच्या कामात एक काम वाढलं होतं.

आता सूर्य माथ्यावर येत होता. एनोस कुरकुरत मडकं घेऊन आला आणि त्याने थाळीत काकवी ओतली. थंडीने ती सावकाश पसरली, कडेपर्यंत पोचली, निवांत झाली. सेलेदोनने सेक्स्टंट डोळ्याला लावला. बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे राहिले. डॉक्टर भिंग घेऊन आकडा वाचायला सज्ज झाले.

"वरचा खाली आण," बाबा सांगत होते. "घाई नको. टेकू दे. कड कडेला लागली की बोल."

"येतोय, डॉन ओबेड. जवळ आला. आणखी जवळ." सेलेदोनने यंत्राची भुजा केसभर सरकवली. "लागला."

बाबांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांनी वाचलेला आकडा ऐकून तोंडानेच गणित सुरू केलं. अंतराशी ते जुळलं. कॅप्टनची भुवई जागची हलली नाही.

मागून घंटा वाजली. पेत्रा खूर आपटत, माणसांना बाजूला सारत पुढे आली होती. तिला आगगाडीशी कर्तव्य नव्हतं, आणि तिचा बराच हप्ता थकला होता. सेलेदोनने काचेचं छप्पर उचललं आणि थाळी तिच्यापुढे धरली. काळ्या काकवीत सूर्य अजून थरथरत होता. तिने मान खाली घातली, आणि बॅरोमीटर मेला त्या सकाळपासून सेलेदोन पहिल्यांदाच गायला लागला:

काकवीच्या ताटामध्ये सूर्य उतरला गोड,
पेत्राबाई, हळू चाट, थोडं आभाळही सोड.